पांढऱ्या गाडीखालची दांडी

मनू,

भेटायला आलेल्या प्रत्येकाने तेच विचारलं. आधी काही त्रास होता का, जवळ कोण होतं, शेवटचं काय बोलला. मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं आणि बसायला खुर्ची दिली. तू यातलं काहीच विचारलं नसतंस. तू म्हणाला असतास, "ताई, पांढरी गाडी कुठवर आली?"

तर गाडीचंच सांगते. हे छापायला द्यायचं सुजाताने ठरवलंय. "सगळ्यांना कळेल असं लिहा ताई, तुमच्या दोघांच्या गॅरेजच्या भाषेत नको," असं तुझ्या बायकोने मला बजावलंय. त्यामुळे तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागतील. कंटाळू नकोस.

तू गेलास त्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आपल्या शेडमध्ये, गाडीखाली उतरायला खणलेल्या खड्ड्यावर उभी होती. दोन सीटची, टप मागे दुमडणारी, जुनी पण जीव लावून ठेवलेली स्पोर्ट्स कार. तिच्या पोटाखाली बसवायची दांडी तू तयार केली होतीस. वेल्डिंग झालं होतं, कानस मारून झाली होती, काळा रंग देऊन झाला होता. टेबलावर दोन लाकडी पट्ट्यांवर ती वाळत ठेवली होतीस. बसवायची तेवढी राहिली होती.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. रविवारी मी टो ट्रक घेऊन येते आणि गाडी घेऊन जाते. दांडी तयार आहे ना? मग ती इथे कुणीही बसवेल. चार बोल्ट तर आहेत."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मग तिथेच उभी राहिले. चार बोल्ट. कुणीतरी ती दांडी गाडीखाली धरली असती, चार बोल्ट आवळले असते आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालली असती. मग पुण्यात जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात तिथे कुणी म्हणालं असतं, बोर्लीच्या त्या माणसाचं नाव उगाच ऐकून होतो. आणि त्याला उत्तर द्यायला तू नव्हतास. तुझ्या हातची शेवटची वस्तू आणि तिच्यावर असा शेरा. ते मला चालणार नव्हतं. आणि माझ्या हाताने वाईट बसून गेली असती, तर तेही चालणार नव्हतं. रविवारपर्यंत तीन दिवस होते.

आता एक गोष्ट कबूल करते. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक आमच्याकडे तीन दिवसांचंच. सुजाताला दहा, तुझ्या पोराला दहा, मला तीन. पहिल्या दिवशी मला याचा संताप आला होता. पन्नास वर्षांची बहीण, आणि रडायला तीन दिवस? चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी सुजातासमोर जाऊन उभी राहिले. तीच म्हणाली, "चाव्या खुंटीला आहेत. तुम्ही जा. मी इथे बसते."

शटर वर गेल्याचा आवाज अख्ख्या बोर्लीने ऐकला. समोरच्या किराणावाल्याच्या बायकोने विचारलंच, "काय वो सुमनताई, चार दिस न्हाय झाले, लगेच दुकान?" मी म्हटलं, "माझं सुतक काल फिटलं." ती आत वळली. नियमाचा असा उपयोग करता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

ज्यांनी आपली शेड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं.

मनू मुंबईत परदेशी गाड्यांच्या गॅरेजात बरीच वर्षं होता. तिथून तो गावाला परत आला आणि म्हणाला, मी स्पोर्ट्स गाड्यांचं स्टिअरिंग सुधारणार. बोर्ली पंचतनमध्ये! जिथे गॅरेज म्हणजे रिक्षा, बाइक आणि भाताच्या हंगामात पॉवर टिलर. बाबा भातशेतीतले सरळ माणूस. ते म्हणाले, "स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळते. त्यात सुधारायचं काय?"

तेव्हा तू परसातून आंब्याची रिकामी पेटी आणलीस. झाकण नसलेली. बाबांच्या हातात दोन कोपरे दिलेस, दोन तू धरलेस आणि पिळलीस. पेटी करकरली, वाकडी झाली. मग तिच्यावर तिरकी एक फळी ठोकलीस आणि पुन्हा पिळायला सांगितलंस. बाबांनी जोर लावला, पेटी हलेना.

"टप नसलेली गाडी म्हणजे झाकण नसलेली पेटी," तू म्हणालास. "खड्ड्यातून गेली की तिची चेसी, म्हणजे सांगाडा, पिळते. मग स्टिअरिंग तुम्ही वळवता एका बाजूला आणि चेसी जाते स्वतःच्या मनाने. रस्ता काय म्हणतो ते हाताला कळतच नाय. मी खालून लोखंडाची फळी ठोकतो, एवढंच माझं काम."

बाबांनी पेटी उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, "फळीचे पैसे देतात लोक?"

"देतात."

"मग ठोक."

तीच पेटी तू पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला पिळायला लावलीस. दिवेआगरला सुट्टीला आलेले लोक आधी कुतूहलाने येत. मग पुण्याहून, नाशिकहून, एकदा तर पार बंगळुरूहून मुद्दाम गाडी घेऊन आले. बाबांना ते बघायला मिळालं. ओटीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मनोहरकडे आलीय," जणू सगळ्या जगाला मनोहर माहीत आहे. मी त्यांना हसायची. आता माझ्याही तोंडून तसंच निघतं.

मी आले ते रोह्याच्या कारखान्यातून सुटल्यावर. तिथे मी स्टोअरला होते. आयुष्यभर एकच काम केलं. कोणती वस्तू कुठल्या खणात आहे, किती आहे, कुणी कधी नेली, ते कार्डावर लिहायचं. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा तू म्हणालास, "माझ्याकडे ये. माझा अर्धा दिवस दहा नंबरचा पाना शोधण्यात जातो." मी आले, खणांना चिठ्ठ्या लावल्या, प्रत्येक कामाची यादी केली. तू पहिले आठ दिवस मला शिव्या घातल्यास आणि नवव्या दिवशी पाना बघितल्याशिवाय हातात घेतलास.

आता आपली लाज. नाशिकची चंदेरी गाडी, माझ्या यादीवर बसवलेली पहिली दांडी.

यादी मी फार सुबक केली होती. एका पान्याची सगळी कामं एकदम, म्हणजे वेळ वाचतो. गाडी जॅकवर उचला, घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवा, चाकं काढा, दांडी लावा, सगळे बोल्ट शेवटपर्यंत आवळा, चाकं लावा, गाडी खाली. दुपारपर्यंत काम संपलं. मला स्वतःचाच अभिमान वाटला. आणि गाडी खाली आल्यावर तिचा डावा दरवाजा लागेना. आपटून लावावा लागला. रस्त्यावर नेली तर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं.

"तुझं लोखंड वाकडं आहे," मी म्हटलं.

"तुझी यादी वाकडी आहे," तू म्हणालास.

दोन दिवस आपण यावर भांडलो. जेवणाच्या ताटावरसुद्धा. तू दांडी काढलीस, मोजलीस, ती सरळ होती. मी यादी तपासली, एकही पायरी सुटली नव्हती. शेजारचे इक्बालचाचा लेथ बंद करून आले, कारण आपल्या आवाजापुढे त्यांना लेथ ऐकू येईना. त्यांनी दरवाजा दोनदा उघडला, दोनदा लावला.

"भांडा तुमी, माजं काय जातंय," चाचा म्हणाले. "पन ह्यो दरवाजा गाडी घोड्यांवर व्हती तवा झकास लागत व्हता. मी बगितला. जमिनीवर आला आनि रुसला. असं का?"

तू त्यांच्याकडे बघितलंस. मग गाडीकडे. मग गाडीखाली सरपटत गेलास आणि चारही बोल्ट सैल केलेस. शेवटच्या बोल्टला खट्ट असा आवाज झाला. गाडीने अंग सोडलं. हवेत लटकलेली असताना ती थोडी वाकली होती, आणि तिला आपण तशीच वाकडी बांधून ठेवली होती.

तू बाहेर आलास तो हसतच. मी रडायच्या बेतात होते. तू म्हणालास, "ताई, यादी उलटी कर. आधी चाकं जमिनीवर, मग बोल्ट." लगेच पुढच्या महिन्यात तू शेडमध्ये खड्डा खणून घेतलास, म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहील आणि माणूस खाली उतरेल. नाशिकवाल्यांना आपण सगळं खरं सांगितलं. मी म्हणत होते, सांगू नको. तू म्हणालास, "गाडी त्यांची आहे, तिला काय झालं ते त्यांना कळायला नको?" त्यांनीच पुढे आणखी गिऱ्हाइकं पाठवली. तुझं हे वागणं मला तेव्हा भोळेपणा वाटला होता. आता चारचौघांत सांगताना माझी मान ताठ होते.

आणि आता ते भांडण, जे संपलं नाही.

दांडी बसली की तू गाडी घेऊन दिवेआगर, भरडखोल, शेखाडी करत आरावीपर्यंत जायचास आणि तिथून परत. शेजारी मी, हातात कागद. चालवता चालवता तू जे पुटपुटशील ते मी लिहायचं. "शेखाडीच्या वळणाला जड." "मधे रिकामं." "परत येताना ओरडत नाय." परत आलो की तू वॉशरच्या, म्हणजे बोल्टात घालायच्या चकत्यांच्या, खणातून काहीतरी घ्यायचास आणि अर्धा तास खड्ड्यात. वर यायचास तो खूश. पुन्हा एक फेरी, आणि गाडी झाली. त्या अर्ध्या तासात तू काय करतोस ते तू मला कधी सांगितलं नाहीस.

गेल्या महिन्यात मी हट्टच धरला. "मनू, बाकी सगळं लिहून झालंय. तो शेवटचा अर्धा तास सांग. उद्या तू आजारी पडलास तर?"

"तर गाडी थांबेल."

"किती दिवस?"

"मी बरा होईपर्यंत. ते सांगण्यासारखं नसतं गं. हाताला कळतं."

"हाताला काही कळत नाही. डोक्याला कळतं आणि हात ऐकतो."

"ताई, तुझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. अजून काय लिहायचंय?"

मला तो टोमणा वाटला. आणि मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. म्हटलं, "तुला सांगायचंच नाही. दुसऱ्या कुणाला जमलं तर तुझं काय राहील, म्हणून."

तू चहा अर्धा ठेवलास आणि उठलास. त्यानंतर आपण बोललो, पण कामापुरतं. डॉक्टरीणबाईंची गाडी आली, तू मापं घेतलीस, मी ती लिहिली. "पंच्याऐंशी." "पंच्याऐंशी." असं. माफी मागायची माझ्या मनात होती. गाडी झाली की मागू, असं ठरवलं होतं. मीच ठरवलेली ती वेळ, आणि तीच हुकली.

तर चौथ्या दिवशी मी खड्ड्यात उतरले. अंगात आमच्या ह्यांचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. चाचांनी वरून दांडी दिली. चारही बोल्ट हाताने लावले, मग पान्याने, तू घालून दिलेल्या क्रमाने: पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा. यादीत होतं ते सगळं केलं. मग गाडी बाहेर काढली. चालवायला मी, शेजारी चाचा.

"बाय, हळू," भरडखोलच्या वस्तीतून जाताना चाचा म्हणाले. "माज्या नातीचं लगीन हाय. मला त्याला जायचंय."

"वीसवर आहे चाचा."

"मंग लाकडासारकी बसू नको. माशाची टोपली डोक्यावर असल्यागत बसलीयस."

शेखाडीला रस्ता समुद्राच्या कडेने लागला आणि मला कळलं. स्टिअरिंग सरळ धरलं होतं. थोडं डावीकडे नेलं, काहीच झालं नाही. थोडं उजवीकडे, काहीच नाही. आणखी नेलं तेव्हा गाडी एकदम वळली. अकरा वर्षं मी कागदावर "मधे रिकामं" लिहीत होते, आणि ते काय असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हाताला लागलं. मी गाडी कडेला घेतली. चाचा घाबरले. मी म्हटलं, "काही नाही, चाचा. मनू म्हणायचा ते कळलं."

परत आलो. यादी संपली होती. तुझा अर्धा तास सुरू झाला होता आणि माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.

मी सवयीने जे करते तेच केलं. कपाट उघडलं, फेऱ्यांचे कागद काढले, आणि जिथे जिथे "मधे रिकामं" होतं ते बाजूला ठेवले. पुष्कळ निघाले. प्रत्येकावर कामाचा नंबर. पण पुढे काय केलंस ते कुठेच नव्हतं. मग वॉशरच्या खणाकडे बघत बसले. खणाला माझं कार्ड लटकत होतं. कारखान्यातली सवय, वस्तू बाहेर गेली की लिहायची. तू वॉशर उचललास की मी विचारायची, "कितीचा? किती? कुठलं काम?" आणि तू वैतागून सांगायचास. दहाचे पातळ, दोन. काम अमुक.

कामाचा नंबर, मनू. दोन्हीकडे होता.

मी कार्डं काढली आणि कागदांशेजारी फरशीवर मांडली. "मधे रिकामं" जिथे जिथे, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी दहाचे पातळ वॉशर. कधी एक, कधी दोन, कधी तीन. "वळणाला जड" जिथे, तिथे बाराचे. पण लावायचे कुठे? चाचांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, त्यात काय इचारायचं? दांडीला म्होरं बाराचे बोल्ट, मागं धाचे. धाचा वॉशर म्होरं जाईलच कसा?"

म्हणजे दांडीचे मागचे कान, बोल्टांची भोकं असलेली टोकं, आणि गाडीची चेसी, यांच्यामध्ये जी फट राहते तिथे. जुन्या गाडीच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात. फट ठेवून बोल्ट आवळला तर दांडी वाकते आणि गाडीला ओढत राहते. फट भरली तर ती नुसती धरून राहते. दरवाज्याने आपल्याला पहिल्या गाडीलाच हे सांगितलं होतं. तू तेच प्रत्येक गाडीला, प्रत्येक बोल्टाला नव्याने विचारत होतास.

एक फाइल डाव्या कपाटात, दुसरी उजव्या खणाला. अकरा वर्षं मी दोन्ही लिहिल्या आणि एकदाही एकमेकांशेजारी ठेवल्या नाहीत. स्टोअरकीपरच असली चूक करू शकतो. तू टोमणा मारला नव्हतास रे. माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे असं तुला खरंच वाटत होतं. बहुतेक तुझी समजूत होती की मला ते कधीच कळलेलं आहे आणि मी उगाच तुझा पिच्छा पुरवतेय. मी तुला जे बोलले ते मी मागे घेते. इथे, छापून, सगळ्यांसमोर.

पण तूही पूर्ण चुकीचा नव्हतास. कार्डं मला सांगत होती की दहाचे पातळ. या गाडीला किती, ते सांगत नव्हती. ते बघायला पुन्हा खड्ड्यातच जावं लागलं. बोल्ट सैल करून वॉशर सरकवायचा आणि बोटाने फिरवून बघायचा. सैल फिरला तर कमी, जाईचना तर जास्त. शुक्रवारी एक-एक लावला, फेरी मारली, रिकामं थोडं कमी झालं. शनिवारी दोन-दोन लावले तर डावीकडचा घट्ट बसला आणि दरवाजाचा आवाज बदलला. डावीकडचा एक काढला. डावीकडे एक, उजवीकडे दोन. चारही बोल्ट क्रमाने. फेरी. शेखाडीला स्टिअरिंग बोटभर हलवलं, गाडीही तेवढीच हलली.

चाचा म्हणाले, "आता गप का झालीस?"

मी म्हटलं, "चाचा, हा इतकी वर्षं हे करत होता."

ते म्हणाले, "व्हय. आनि आपन त्याला इचारत व्हतो, जेवलास का."

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. मागे टो ट्रक. त्यांनी माझे हात धरले, सुजाताकडे जाऊन आल्या, मग म्हणाल्या, "चला, गाडी चढवून घेऊ." मी म्हटलं, "गाडी झाली आहे. आधी चालवून बघा. नाही पटली तर ट्रक उभाच आहे." त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की त्यांना हे नको होतं. दुःखातल्या बाईने गाडीला हात लावला, आता हिला काय सांगायचं. पण बसल्या. शेजारी मी. या वेळी कागद घेतला नाही, कारण कोण काय पुटपुटणार ते मला माहीत नव्हतं.

दिवेआगर गेलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलेलं, बोटांची पेरं पांढरी. भरडखोल गेलं. शेखाडीची पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणानंतर त्यांच्या तोंडावर केस आले आणि त्यांनी डावा हात काढून ते मागे सारले. मग तो हात परत स्टिअरिंगवर गेलाच नाही. मांडीवर राहिला. आरावीपर्यंत तिथेच होता. त्यांना ते समजलंही नसावं.

आरावीला गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "ही माझीच गाडी आहे ना?"

"तुमचीच."

"मला वाटायचं म्हातारी झालीय, विकून टाकावी." त्यांनी दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "मनोहरजींनी जाण्याआधी बसवून ठेवलं होतं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. सगळं श्रेय तुझं झालं असतं आणि मी समाधानाने घरी गेले असते. पण नाशिकवाल्यांचा प्रसंग मला आठवला, आणि तू शेजारी असतास तर माझ्याकडे कसा बघितला असतास तेही.

"दांडी त्याची," मी म्हटलं. "बसवली मी आणि आमच्या चाचांनी. कशी बसवायची ते त्याने अकरा वर्षं सांगितलेलं होतं. मला आत्ता कळलं."

त्यांनी चावी माझ्यापुढे धरली. मग म्हणाल्या, "तुम्ही चालवता का परत जाताना?" मी नाही म्हटलं. रस्ता त्यांचा होता. मला नुसतं बसायचं होतं. मनू, त्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेले असेन आणि मान कायम कागदात. डाव्या हाताला समुद्र इतका जवळ आहे, हे मला तुझ्यामाघारी कळावं.

टो ट्रकवाला रिकामा परत गेला. बाई म्हसळ्याच्या रस्त्याने चालवत गेल्या, टप मागे टाकून. समोरच्या किराणावाल्याची बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "सुमनताई, गेली का वो मनूभावाची गाडी?" मी म्हटलं, "गेली. चालत गेली." आणि बाबांसारखीच, गरज नसताना, आणखी सांगितलं, "पुण्याला."

मी शेडमध्ये येऊन खड्ड्यातले पाने वर घेतले, पुसले, जागेवर ठेवले. वॉशरच्या कार्डावर लिहिलं: दहाचे पातळ, तीन. डावीकडे एक, उजवीकडे दोन. ही डावी-उजवी मी आधी कधीच लिहीत नव्हते. आता लिहिणार. चाचा लेथ सुरू करायला गेले. तेवढ्यात टेबलावरचा तुझा फोन वाजला. सुजाताने तो बंद केलेला नाही आणि मीही करू दिलेला नाही.

कुणीतरी कोल्हापूरचा माणूस होता. "मनोहरदादा आहेत का? माझ्या गाडीचं स्टिअरिंग..."

"मनोहर गेला," मी म्हटलं. "दहा दिवसही झाले नाहीत."

तो गडबडला. माफ करा म्हणाला, मला माहीत नव्हतं म्हणाला, फोन ठेवतो म्हणाला.

मी पेन उघडलं.

"ठेवू नका," मी म्हटलं. "गाडी कोणती आहे तुमची?"